तिसऱ्या दिवसाचे बोलावणे

अँजिओग्राफीच्या दिवशी किडनीच्या डॉक्टरला कुणी बोलावत नाही. मला बोलावणे येते ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. हृदयाची चित्रे निघालेली असतात, नातेवाईक निर्धास्त झालेले असतात आणि रक्तातले क्रिएटिनिन चढू लागलेले असते.

परवा बहात्तर वर्षांच्या एका आजींचे असेच झाले. जुना मधुमेह, वजन जेमतेम ४५ किलो. क्रिएटिनिन १.३, म्हणून साऱ्यांनी 'ठीक आहे' म्हटले. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येते. अशा काटकुळ्या देहात आकडा मुळातच लहान दिसतो. वय-वजन धरून हिशेब केला तर आजींच्या किडन्या निम्म्यानेही काम करत नव्हत्या! त्यात 'उपाशीपोटी या' असे सांगितलेले. आजींनी रात्री आठपासून पाण्याचा थेंब घेतला नाही, आणि नंबर लागला दुपारी दोनला. शिवाय गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळी रोज चालूच.

"आजी, हे आधी का नाही सांगितलं?"

"ते हृदयाचं विचारत होते, डॉक्टर. मी गुडघ्याचं कशाला सांगू?"

अँजिओग्राफीत वापरतात तो 'डाय' आयोडीनयुक्त असतो आणि किडनीतूनच बाहेर पडतो. जाताना तो तिथल्या रक्तवाहिन्या आकसवतो, नलिकांच्या पेशींना इजा करतो. शरीर कोरडे असेल तर तो नलिकांत अधिक रेंगाळतो.

यावर औषधे पुष्कळ आली. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लघवी वाढवणाऱ्या औषधांपेक्षा नुसते सलाइन सरस ठरले. २००० नंतर अ‍ॅसिटिलसिस्टीनची लाट आली. सडक्या अंड्यांसारखा वास येणारे ते औषध मीही भक्तिभावाने लिहून देत असे. २०१८ मध्ये सुमारे पाच हजार रुग्णांवरील चाचणीत त्याचा काही उपयोग दिसला नाही. सोडा-बायकार्बोनेटही साध्या सलाइनपुढे टिकला नाही.

उरले ते अगदी साधे: आधी किडनीचा नीट हिशेब, वेदनाशामके बंद, जोखमीच्या रुग्णाला सलाइन (हृदय दुबळे असेल तर बेताने), डाय शक्य तितका कमी आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा तपासणी. पाणी किती वाजेपर्यंत चालेल, हे रुग्णाने स्वतःहून विचारावे. 'उपाशी' म्हणजे निर्जळी एकादशी नव्हे. मात्र हार्ट अटॅक आलेला असताना किडनीच्या भीतीने अँजिओग्राफी टाळू नये. तो सौदा महागात पडतो, आणि ही इजा बहुतेकदा भरूनही येते.

आजींचे क्रिएटिनिन २.९ पर्यंत गेले. डायलिसिस टळले, दोन आठवड्यांत आकडा १.५ वर उतरला. घरी जाताना त्यांनी पिशवीतून गोळ्यांचे पाकीट काढून माझ्या टेबलावर ठेवले आणि विचारले, "आता गुडघ्यांचं काय?"