संगणकाची शाकारणी

कोकणातील गृहस्थ पावसाळ्यापूर्वी आपले घर शाकारून घेतो. फुटकी कौले काढून तो नवी बसवितो व कुजलेले वासे बदलतो. ऊन असते तोवर हे काम क्षुल्लक वाटते. परंतु मृगाच्या पहिल्या सरीबरोबर त्याचे मोल कळते. घरातील संगणकालाही अशाच शाकारणीची गरज असते.

संगणकावर पत्र लिहावे, चित्र काढावे किंवा गणित सोडवावे. प्रत्येक कामाचा कार्यक्रम निराळा असतो. या सर्वांना आधार देणाऱ्या मूळ कार्यक्रमाला ऑपरेटिंग सिस्टीम किंवा संचालन प्रणाली असे म्हणतात. कोणती कळ दाबली गेली, स्मृतीतील जागा कोणत्या कार्यक्रमाला द्यावयाची, फाईल कोठे ठेवावयाची, ही सारी व्यवस्था तीच पाहते. मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही अशीच एक प्रणाली होय.

एवढी मोठी रचना सर्वस्वी निर्दोष असणे शक्य नाही. तिच्यात कोठे ना कोठे फट राहतेच, आणि दुष्ट हेतूचे लोक नेमकी तीच शोधत असतात. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा घातक कार्यक्रम विंडोजमधील एका फटीतून जगभरच्या संगणकांत शिरला. त्याने फाईली कुलूपबंद केल्या व त्या सोडविण्यासाठी खंडणी मागितली. इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांचे काम अडले. ठरलेल्या शस्त्रक्रियाही रद्द कराव्या लागल्या. वास्तविक ती फट बुजविणारी दुरुस्ती कंपनीने मार्च महिन्यातच दिलेली होती. औषध हाताशी होते. ते घेतले मात्र गेले नव्हते!

अशा लहान दुरुस्त्या दरमहा येतात. परंतु काही वर्षांनी संपूर्ण प्रणालीच नवी घ्यावी लागते. २०१५ साली आलेल्या विंडोज १० चे नेहमीचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. तिच्या जागी २०२१ साली निघालेली विंडोज ११ बसविणे, हे अशा मोठ्या बदलाचे उदाहरण होय.

या कामात घाई उपयोगाची नाही. प्रथम आपला संगणक नव्या प्रणालीस योग्य आहे का, ते पाहावे. विंडोज ११ ला किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. त्यानंतर छायाचित्रे, पत्रे व अभ्यासाची टिपणे यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी आणि ती नीट उघडते याची खात्री करावी. बदल करताना सहसा काही हरवत नाही. तथापि प्रणाली पुन्हा मिळू शकते, आजीचे एकुलते एक छायाचित्र पुन्हा मिळत नाही. लॅपटॉप असल्यास त्याचा चार्जर जोडून ठेवावा.

मग ‘सेटिंग्ज’मधील ‘विंडोज अपडेट’ या ठिकाणी आज्ञा द्यावी. नवी प्रणाली येथूनच घ्यावी. अनोळखी संकेतस्थळावरून कधीही घेऊ नये. फाईली उतरून झाल्या म्हणजे संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो. धावत्या गाडीचे चाक बदलता येत नाही. त्याचप्रमाणे चालू प्रणालीला स्वतःच्या वापरातील फाईली बदलता येत नाहीत. म्हणून काही काळ एक छोटी तात्पुरती प्रणाली कारभार हाती घेते, जुन्या फाईली बाजूला ठेवते आणि नव्या त्यांच्या जागी बसविते.

या वेळी पडदा काळा होतो. टक्केवारीचा आकडा एकाच जागी थबकतो. अधीर मनुष्य यंत्र बंद करून टाकतो. मग निम्मी कौले उतरविलेली असतानाच पाऊस यावा, तशी संगणकाची दशा होते. शहाणा मनुष्य तेवढा वेळ दुसऱ्या कामात घालवितो.

पुढे नवी प्रणाली मानवली नाही, तर परतीची वाटही ठेवलेली असते. जुनी प्रणाली साधारणतः १० दिवस राखून ठेवली जाते. त्या मुदतीत मागे जाता येते.

यंत्र कितीही हुशार असले, तरी त्याची निगा माणसालाच राखावी लागते. वेळेवर केलेली शाकारणी कोणाच्या नजरेत भरत नाही. परंतु बाहेर मुसळधार पाऊस कोसळत असताना घरातील माणसे निर्धास्त झोपतात, ती तिच्याच जोरावर.