घरगुती राउटरमधील अग्रक्रम निष्फळ का ठरतो?

राउटरमध्ये संभाषणाच्या पॅकेटांना अग्रक्रम दिला असूनही, मोठी फाइल बाहेर पाठविली जात असता संभाषण तुटू लागते, असा अनुभव पुष्कळदा येतो. याचे कारण बहुधा नियमांत नसून रांगेच्या जागेत असते. राउटर मोडेमकडे जलद पॅकेटे सोडतो. मोडेमपुढील मार्ग मात्र मंद असतो. त्यामुळे रांग मोडेममध्ये लागते आणि तेथे राउटरचा नियम चालत नाही. सेकंदास १ कोटी बिट वाहणाऱ्या मार्गापुढे १० लक्ष बाइट साचल्यास शेवटच्या पॅकेटास ०.८ सेकंद तिष्ठावे लागते.

परीक्षा सोपी आहे. मार्ग रिकामा असताना व भाराखाली असताना पिंगचा प्रतिसादकाल मोजावा. भाराखाली तो अनेक पटींनी वाढल्यास राउटरमधील गतिमर्यादा प्रत्यक्ष मोजलेल्या गतीच्या सुमारे ९० टक्के ठेवून पुन्हा मोजावे. निकोल्स व जेकबसन यांनी २०१२ साली मांडलेली कोडेल पद्धती रांगेच्या लांबीऐवजी पॅकेटांचा प्रतीक्षाकाल पाहून रांग आवरते. परंतु रांग राउटरच्या स्वाधीन असेल तरच तिचाही उपयोग होतो. थोडी गती सोडून रांगेवर ताबा मिळविणे, हेच या उपायाचे मर्म होय.