पाणथळ जागांचे जैव संशोधन : सातारा व सांगली

नदी, ओढा, तळे, धरणाचा जलाशय, दलदल व पावसाळ्यात साचणारी डबकी अशा ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन तेथील पक्षी, मासे व इतर प्राण्यांची नोंद, गणना व अभ्यास करणे, यास पाणथळ जागांचे क्षेत्रीय जैव संशोधन म्हणतात. इराणमधील रामसर येथे १९७१ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात पाणथळ जागेची व्याख्या फार व्यापक केलेली आहे. नैसर्गिक अथवा मानवनिर्मित, कायमची अथवा हंगामी, गोडी अथवा खारी, वाहती अथवा स्थिर अशी सर्व पाणथळ क्षेत्रे, तसेच ओहोटीच्या वेळी सहा मी.हून अधिक खोल नसणारे समुद्राचे पाणी तीत मोडते. भारत या करारात १९८२ मध्ये सहभागी झाला.

अशा संशोधनाला सातारा व सांगली या जिल्ह्यांचा प्रदेश विशेष सोयीचा आहे, कारण थोड्या अंतरात येथे पाण्याची अगदी भिन्न रूपे आढळतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी सुमारे ६,००० मिमी. पाऊस पडतो, तर पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी व जत या तालुक्यांत तो ५०० मिमी.च्या आसपास व तोही बेभरवशाचा असतो. पश्चिमेस कृष्णा, कोयना, वेण्णा व वारणा या नद्यांचे थंड, खडकाळ उगमप्रवाह व कास पठारासारखे जांभ्या खडकाचे सडे आहेत. मध्ये उसाच्या मळ्यांतून वाहणारे कृष्णेचे रुंद पात्र आणि पूर्वेस येरळा व माण नद्यांच्या खोऱ्यांतील उथळ तलाव आहेत. ओढ्यातील मासा पठारावरील डबक्यात नसतो व तलावावरील पक्षी सहसा घाटातील डोहावर उतरत नाही. त्यामुळे या दोन जिल्ह्यांतील नोंदी एकत्र वाचल्यावरच त्यांचा खरा अर्थ लागतो.

दख्खनमधील मासे व पक्षी यांचा पद्धतशीर अभ्यास विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने सुरू केला. मुंबई सरकारच्या सांख्यिकी सर्वेक्षणाच्या निमित्ताने तो १८२४ नंतर या प्रदेशात हिंडला. त्याची पक्ष्यांची सूची १८३२ मध्ये आणि माशांवरील लेखन त्यानंतर काही वर्षांनी प्रसिद्ध झाले. भोई व कोळी लोकांच्या तोंडची नावे त्याने माशांच्या शास्त्रीय नावांत जशीच्या तशी घेतली, ही गोष्ट मराठी वाचकाला मौजेची वाटेल. खुद्री, कोलस, मुल्या, पोटेल, फुलंगी, संदखोल, नुक्ता ही नावे इंग्रजी कानांनी थोडीफार बिघडवली असली, तरी आजही जगभरच्या ग्रंथांत तीच रूढ आहेत. पुढे एका जातीची दुसऱ्या वंशात बदली झाली, तरी जातिवाचक नाव नियमाप्रमाणे कायम राहिले. दख्खनी महसीराचे टॉर खुद्री हे नाव याचेच उदाहरण होय.

सातारा जिल्ह्याचे नाव प्राणिविज्ञानात खऱ्या अर्थाने गाजले, ते मात्र मासा वा पक्षी यांमुळे नव्हे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन करणारे शंकर पुरुषोत्तम आघारकर (१८८४–१९६०) यांना कोयना व वेण्णा यांच्या खोऱ्यांत उन्हाळ्यातील डोहांत नाण्याएवढ्या आकाराचे, पारदर्शक व छत्रीसारखे पोहणारे प्राणी आढळले. ही गोड्या पाण्यातील जेलीफिश होती. कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचे अधीक्षक नेल्सन अॅनंडेल यांनी १९११ मध्ये तिचे लिम्नोक्निडा इंडिका असे नामकरण केले. या वंशातील पहिली ज्ञात जाती आफ्रिकेतील टांगानिका सरोवरातील असून, तिच्यामुळे ते सरोवर प्राचीन समुद्राचा अवशेष असावा, अशी कल्पना पुढे आली होती. तिचे भाऊबंद सह्याद्रीच्या उतारावरील ओढ्यात निघाल्याने या तर्कास सबळ पुरावा उरला नाही. आघारकर व ग्रेव्हली यांनी १९१२ मध्ये या प्राण्याच्या सवयी व प्रसार यांविषयी टिपण प्रसिद्ध केले. प्रवाह आटून डोह स्थिर झाले की तो दिसू लागतो आणि पावसाच्या पहिल्या पुरांबरोबर नाहीसा होतो. त्यामुळे नेमक्या आठवड्यांत नेमक्या डोहापाशी न पोहोचणाऱ्या निरीक्षकास तो दिसणारच नाही. आघारकर पुढे कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिविज्ञानाचे प्राध्यापक झाले. पुण्यातील आघारकर संशोधन संस्था हे नाव त्यांच्या स्मरणार्थ देण्यात आले आहे. अॅनंडेल यांनी १९१९ मध्ये मुख्यतः सातारा व पुणे जिल्ह्यांतील गोड्या पाण्याच्या माशांवर स्वतंत्र निबंध लिहिला. या भागातील पुढील अभ्यासांना तुलनेसाठी तो आधारभूत ठरला आहे.

मासे : माशांच्या सर्वेक्षणात लहान आसाची, मोठ्या आसाची व फेकून पसरावयाची अशी निरनिराळी जाळी वापरतात, कारण एका जाळ्यात एकाच आकारमानाचे मासे सापडतात. खडकाला चिकटून राहणारे मासे हातजाळीने दगड उलटून धरावे लागतात. ओळख पटविण्यासाठी पार्श्वरेषेवरील खवले, पृष्ठपक्ष व गुदपक्ष यांतील अर, मिशांच्या जोड्या व तोंडाची ठेवण पाहतात. अलीकडे डीएनए परीक्षणाचीही जोड मिळाली आहे. बाजारातील मासे पाहून केलेली यादी फसवी ठरते. दुसऱ्या जलाशयातील मासा त्याच टोपलीत येतो व खाण्यास निरुपयोगी अशा लहान जाती टोपलीत येतच नाहीत. यासाठी जाळे टाकणाऱ्या भोयाबरोबर डोहावर जाणे हाच मार्ग उरतो. कोणता मासा कोणत्या नक्षत्राच्या पाण्याबरोबर वर चढतो, याचे त्याचे ज्ञान कित्येकदा छापील माहितीहून अचूक असते.

कोयना नदी व वाईजवळील कृष्णा यांतील माशांची सर्वेक्षणे अनुक्रमे २०११ व २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही ठिकाणी पन्नासहून अधिक जातींची नोंद झाली असून त्यांपैकी बऱ्याच जाती पश्चिम घाट किंवा भारतीय द्वीपकल्प यांच्या बाहेर आढळत नाहीत. त्याच पाण्यात बाहेरून आणलेल्या जातीही आता रुळल्या आहेत. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया हा मासा वर्षातून अनेकदा वितो, पिले तोंडात सांभाळतो व कसल्याही पाण्यात तग धरतो. साइक्सचा नुक्ता, ज्याच्या मुस्कटावर पुढे आलेला विचित्र मांसल उंचवटा असतो, आज संकटग्रस्त जातींत मोडतो.

नदीवरील धरणाने माशांच्या जीवनात दोन प्रकारे बदल होतो. वाहत्या, प्राणवायुयुक्त पाण्यात राहणाऱ्या जातींचे घर स्थिर पाण्याखाली बुडते, आणि पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर जाणाऱ्या महसीरासारख्या माशांची वाट अडते. १९६० नंतरच्या दशकात कोयनेच्या वरच्या खोऱ्यातील पात्राचा मोठा भाग शिवसागर जलाशयात गेला. याच जलाशयाच्या परिसरातून १९६३ मध्ये सोमण यांनी भेकाची एक नवी जाती वर्णन केली. तिला कोयनेचेच नाव मिळाले असून ती आता झँथोफ्रायनी या वंशात गणली जाते. दख्खनी महसीराच्या प्रजननाचा अभ्यास सी. व्ही. कुलकर्णी यांनी लोणावळ्याच्या जलाशयांवर केला. तेथे तयार झालेली बोटुकली पुढे अनेक जलाशयांत सोडण्यात आली. जलाशयात बोटुकली सोडता येतात, अडलेली वाट मात्र त्यामुळे मोकळी होत नाही.

खालच्या पात्रात प्रश्न वेगळा आहे. साखर उद्योगाचे वा गावांचे सांडपाणी अल्प प्रवाहाच्या काळात नदीत आले, तर त्यातील सेंद्रिय द्रव्याच्या विघटनात पाण्यातील विरघळलेला प्राणवायू संपतो व मासे पृष्ठभागावर येऊन मरतात. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मोठ्या प्रमाणावर मासे मेले. अशा वेळी किती मासे मेले यापेक्षा कोणत्या जातींचे मेले ही नोंद अधिक मोलाची असते. परंतु ती घेण्यास अवधी एक-दोन दिवसांचाच मिळतो.

पक्षी : पूर्व भागातील तलाव निसर्गनिर्मित नाहीत. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळात व त्याच्या आगेमागे सिंचनासाठी व दुष्काळी कामे म्हणून ते बांधण्यात आले. माण नदीवरील राजेवाडीचा (म्हसवडचा) तलाव, येरळेच्या खोऱ्यातील नेर व मायणी ही त्यांतील प्रसिद्ध नावे होत. पुढे येरळवाडीसारख्या धरणांची त्यांत भर पडली. हिवाळ्यात पाणी ओसरू लागले, की त्यांच्या उघड्या पडलेल्या चिखलावर व उथळ काठांवर रोहित (अग्निपंख), पट्टकादंब, चक्रवाक, चमचा, करकोचे व विविध जातींचे तुतवार येतात. मायणी, येरळवाडी व सूर्याचीवाडी येथील रोहित पाहण्यासाठी दूरदूरचे लोक जमतात.

रोहित आपली वाकडी चोच उलटी धरून पाणी गाळतो आणि त्यातील सूक्ष्म कवचधारी प्राणी, कीटकांच्या अळ्या व शैवले खातो. हे त्याला उथळ पाण्यातच उत्तम साधते. म्हणून तलाव कोरडा पडला तरी तो येत नाही आणि काठोकाठ भरलेला असला तरी येत नाही. कच्छच्या रणात त्याची वीण होते. १९४५ मध्ये सालिम अली यांनी तेथील प्रचंड वसाहतीस भेट दिली होती. रणात पाऊस कसा झाला, यावरही मायणीच्या तलावावरील संख्या काही अंशी अवलंबून असते. एका वर्षी थवा आला नाही, एवढ्यावरून स्थानिक ऱ्हासाचा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. गाळ साचणे, काठावरील लागवड, मासेमारीसाठी होणारा वावर व आता उपसा सिंचन योजनांमुळे अवेळी वाढणारी पाण्याची पातळी यांचा परिणाम वेगवेगळा काढावयाचा, तर पाण्याची खोली व पक्ष्यांची संख्या यांच्या अनेक वर्षांच्या जोडनोंदी लागतात.

गणनेसाठी ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी दुर्बिणीने थव्याचे भाग पाडून मोजणी करतात. १९८७ पासून दरवर्षी जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत हौशी निरीक्षकांचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (स्थापना १८८३) पायांत कडी अडकवून पक्ष्यांच्या स्थलांतराचा मागोवा घेण्याचे काम दीर्घकाळ केले आहे. मृत वा पकडलेल्या पक्ष्याच्या पायातील कडे आढळल्यास त्यावरील क्रमांक संस्थेस कळविणे आवश्यक असते.

या तलावांची कायदेशीर स्थिती चमत्कारिक आहे. २०१७ च्या केंद्रीय पाणथळ जागा नियमांत पिण्याचे पाणी व सिंचन यांसाठी मुद्दाम बांधलेले जलाशय पाणथळ जागेच्या व्याख्येतून वगळले आहेत. रामसर करार मानवनिर्मित पाण्याला व्याख्येत घेतो आणि देशाचे नियम त्यातील मोठा हिस्सा बाहेर ठेवतात. दुष्काळी भागातील जवळजवळ सर्व पक्षी-तलाव अशा रीतीने या नियमांच्या कक्षेबाहेर राहतात. मायणीच्या बाबतीत वन्यजीव संरक्षण अधिनियमाखालील संवर्धन राखीव हा दुसरा मार्ग अवलंबण्यात आला व २०२१ मध्ये तशी घोषणा झाली. इतर तलावांसाठी असा प्रस्ताव करावयाचा झाल्यास पक्ष्यांच्या नियमित गणनेच्या नोंदी हाच त्याचा पहिला आधार ठरतो. त्या बऱ्याच अंशी अजूनही निरीक्षकांच्या खाजगी वह्यांत आहेत.