उकळून जे जात नाही : घरातला घातक कचरा आणि बुलढाण्याचं पिण्याचं पाणी

घातक कचरा म्हटलं की कारखाना डोळ्यांसमोर येतो. मग बुलढाण्यासारख्या शेतीच्या जिल्ह्यात या विषयाचं काय काम? आपण घरातूनच सुरुवात करू. मोटारसायकलची संपलेली बॅटरी, रिमोटचे सेल, सीएफएल दिवा, फुटलेला थर्मामीटर, मुदत संपलेल्या गोळ्या, ट्रॅक्टरचं जळकं ऑइल. आणि कपाशी-सोयाबीनच्या घरात हमखास सापडणारे फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे. बॅटरीत शिसं आणि आम्ल असतं, सीएफएलमध्ये आणि जुन्या थर्मामीटरमध्ये पारा. हे सगळं जातं कुठे? बहुतेक वेळा उकिरड्यावर, नाहीतर नाल्यात.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचऱ्याचे तीन भाग करायला सांगितले : ओला, सुका आणि घरगुती घातक. या तिसऱ्या भागासाठी दर २० चौरस किलोमीटरला किमान एक संकलन केंद्र असावं, अशी जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली. पण हे नियम मुळात शहरी भागासाठी होते. खामगाव, मलकापूर, चिखली त्यात येत होते; संग्रामपूर तालुक्यातलं एखादं लहान गाव येत नव्हतं. म्हणजे औषधाचे डबे जिथे सर्वांत जास्त, तिथेच केंद्राची सक्ती नव्हती. कीटकनाशकांचे नियम सांगतात, की रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत. आता वस्तीपासून दूर म्हणजे शेत, आणि विहीर तर शेतातच असते! डबा पुरण्याआधी ती आठवली पाहिजे.

आता पाण्याकडे वळू. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पावसाळ्यात सूचना लागते : पाणी उकळून प्या, टाकीत टीसीएल टाकलं आहे. सूचना अगदी बरोबर आहे, फक्त ती जंतूंपुरती आहे. जलसुरक्षक नळाचं पाणी घेऊन ओटी टेस्ट करतो, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे असं समजतं. ताज्या टीसीएल पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, की तो उडून जातो आणि २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर कामाची राहत नाही. अतिसार, कावीळ, विषमज्वर यांच्या विरुद्ध हे मोठं हत्यार आहे, त्याला कमी लेखायचं कारण नाही.

पण शिसं, पारा, नायट्रेट, क्षार हे काही जंतू नाहीत. ते उकळून मरत नाहीत. उलट उकळताना पाणी वाफेने उडतं आणि नायट्रेट, क्षार मागे राहून थोडे दाट होतात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त असेल तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला धोका असतो. त्या बाळाच्या दुधासाठी आई पाणी मुद्दाम उकळते, ही यातली अवघड गोष्ट. (नायट्रेट मुख्यतः खतातून, शेणाच्या उकिरड्यातून आणि सांडपाण्यातून येतं, डब्या-बॅटऱ्यांतून नव्हे.)

पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर भूजल मुळातच खारं. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव भागातल्या लोकांना हे कुणी शिकवायला नको. म्हणूनच वान धरणावरून गावांना नळयोजना आणावी लागली.

याच शेगाव तालुक्यात डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. पहिला संशय पाण्यावर गेला. नमुने तपासले, काही ठिकाणी नायट्रेट आणि क्षार जास्त आढळले. पण हे तर त्या पट्ट्यात आधीपासूनचं. मग आयसीएमआरचं पथक आलं, आणि डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीवरून गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. आमच्या दृष्टीने यातला मुद्दा वेगळा आहे. प्रयोगशाळा तेच शोधते जे तिला शोधायला सांगितलेलं असतं. गावातल्या तपासणी संचात क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, कठीणपणा, जंतू असे ठरावीक घटकच कळतात. शिसं, पारा, कीटकनाशकाचे अंश त्यात दिसत नाहीत. ‘पाणी योग्य’ असा शेरा आला, तर तो तेवढ्याच घटकांपुरता असतो.

मग करायचं काय? ग्रामसभेत विचारा, की वर्षातून एकदा रासायनिक आणि दोनदा जैविक तपासणी होते, तिचे आकडे कुठे लावलेत? नुसतं हिरवं किंवा पिवळं कार्ड नको, आकडे हवेत. बॅटरी भंगारात न देता नवी घेताना दुकानदाराला परत द्या. औषधाचा डबा फवारणीच्या वेळीच तीनदा विसळा, ते पाणी पंपातच ओता आणि डब्याला भोक पाडा, म्हणजे कुणी त्यात पाणी किंवा तेल भरणार नाही. उकिरड्याजवळच्या विहिरीबद्दल शंका असेल, तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देताना आजूबाजूला काय पुरलंय, काय फेकलंय ते अर्जात लिहा. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली आणि रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ कॅन, दोन्ही वेगळे लागतात. आणि कॅन औषधाचा जुना नको, हे सांगायला नको, तरी सांगतो.