निमो चालेल, डोरी नको

२००३ साली ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट आला आणि मुलं नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशासाठी हटून बसू लागली. हट्ट पुरवण्याजोगा आहे. हा क्लाउनफिश जेमतेम ८-१० सेंटिमीटरचा आणि काटक. तमिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याची पैदासही केली आहे. तेव्हा समुद्रातून पकडलेलाच घ्यायला हवा असं नाही.

त्याच चित्रपटातली निळी डोरी मात्र ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते. दिवाणखान्यातल्या टाकीत तिची नुसती कोंडी.

मासे आणण्याआधी खाऱ्या पाण्याची टाकी चार-सहा आठवडे तयार होऊ द्यावी. विष्ठेतून सुटणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू तेवढ्यात रुजतात. पाणी आटलं की नवखे हमखास खारं पाणी ओततात. घालायचं असतं गोडं, कारण वाफ पाण्याची होते, मीठ टाकीतच राहतं.