वर्गातील मेजाखालच्या वायरींची व्यवस्था

वर्गात नवी वस्तू आली म्हणजे तिच्याबरोबर नवी शिस्तही यावी लागते. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला, त्या काळी प्राथमिक शाळेच्या सामानाच्या यादीत फळा, नकाशे, पृथ्वीगोल, घंटा अशा वस्तू असत. त्यांस एक कपाट व चार खुंट्या पुरत. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाल्यानंतर अनेक गावांनी लोकवर्गणी काढून आपल्या शाळेस संगणक, प्रोजेक्टर, ध्वनिवर्धक अशी साधने मिळवून दिली. ही साधने मेजावर नीट मांडलेली असतात. मेजाखाली मात्र वायरींचा गुंता पडलेला दिसतो. तो थोडक्या खर्चात कसा आवरावा व कसा झाकावा, याचा विचार येथे केला आहे.

हा प्रश्न केवळ टापटिपीचा नव्हे. लहान वर्गांतील मुले पुष्कळ ठिकाणी जमिनीवर बसतात. मोठ्या माणसाच्या पायाशी असलेली वायर त्यांच्या हाताशी व गुडघ्याशी येते, आणि तिच्यातून २३० व्होल्ट दाबाची वीज वाहत असते. राजूरच्या पश्चिमेस शेंडी, रतनवाडी, घाटघर, साम्रद या बाजूस पावसाळा अतिशय जोराचा असतो. भिंतींना ओल येते, फरशी दमट राहते. अशा फरशीवर पडलेला एक्स्टेंशन बोर्ड धोक्याचा होय. शिवाय सुट्टीत शाळा बंद असताना उंदीर वायरी कुरतडतात. पायात अडकलेली एक वायर मुलाला पाडते आणि तिच्याबरोबर वर्गणीचा प्रोजेक्टरही खाली येतो, हे निराळे सांगावयास नको.

कामास आरंभ करण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा व सर्व प्लग काढून घ्यावेत. प्लग काढताना वायर ओढू नये, प्लगच धरावा. नंतर वायरींचे दोन ढीग करावेत : वीज आणणाऱ्या वायरी एकीकडे; चित्र, आवाज व माहिती नेणाऱ्या वायरी दुसरीकडे. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांस चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर ‘संगणक’, ‘प्रोजेक्टर’, ‘ध्वनिवर्धक’ असे लिहावे. कोठेही न लागणारी वायर बाजूस काढावी. एवढ्यानेच पुष्कळसा गुंता सुटतो.

दुसरे काम एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवरून उचलण्याचे. बोर्डाच्या पाठीस टांगण्याची भोके असल्यास दोन स्क्रूंनी तो मेजाच्या मागील फळीवर, जमिनीपासून निदान हातभर उंच बसवावा. भोके नसल्यास बोर्डास छिद्र पाडू नये. फळीवर दोन लाकडी पट्ट्या ठोकून त्यांच्या आधारावर तो ठेवावा. एका बोर्डात दुसरा बोर्ड लावू नये. किती भार चालेल याचा हिशेब सोपा आहे. संगणक सुमारे २०० वॅट, प्रोजेक्टर सुमारे ३०० व ध्वनिवर्धक ५० वॅट धरल्यास एकूण ५५० वॅट होतात. त्यास २३० ने भागिले असता सुमारे २.४ अँपिअर येतात. ६ अँपिअरच्या बोर्डास हा भार जड नाही. परंतु चहासाठी १५०० वॅटची विजेची किटली त्याच बोर्डावर लावली, तर ती एकटीच साडेसहा अँपिअर घेते. सबब असे उपकरण या बोर्डावर कधीही लावू नये.

तिसरे काम वायरींना वाट करून देण्याचे. त्या मेजाच्या मागील कडेने व पायाच्या आतील अंगाने न्याव्यात. बांधण्यासाठी सुती नाडी किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली वळी पुरेशी आहेत. नाडीची निरगाठ न मारता सुरगाठ मारावी, म्हणजे पुढे सोडणे सोपे जाते. बारीक तारेने बांधू नये व वायरीवर खिळा ठोकू नये. दोहोंनी वरचे वेष्टन कापले जाते. उरलेल्या लांबीचे वीतभर रुंद, सैल वळसे घ्यावेत. विजेची वायर घट्ट गुंडाळली असता आतील उष्णता बाहेर पडत नाही.

भिंतीच्या कडेने जाणाऱ्या वायरींसाठी प्लॅस्टिकची केसिंग पट्टी बाजारात स्वस्त मिळते. चित्राच्या व आवाजाच्या वायरींसाठी सुका बांबू उभा चिरून, आतील पेरांच्या गाठी तासून काढल्यास उत्तम पन्हळ तयार होते. मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरून मात्र कोणतीच वायर नेऊ नये. झाकूनही नेऊ नये. त्यापेक्षा मेज भिंतीतील सॉकेटजवळ सरकवावे. तो उपाय बिनखर्ची आहे.

मेजाच्या मुलांकडील बाजूस एक फळी बसविली म्हणजे सारी मांडणी दृष्टीआड होते. फळीच्या वर-खाली चार बोटे जागा हवा खेळण्यास ठेवावी. कागदी खोके किंवा कापडी पडदा वापरू नये. एखादी ठिणगी उडाल्यास ते पेट घेतात.

येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली पाहिजे. वायरी मुलांच्या हातापायांपासून लपवावयाच्या आहेत, शिक्षकांच्या नजरेपासून नव्हे. मागील बाजू उघडी असावी आणि बंद करण्याचा स्विच शिक्षकांच्या हाताशी असावा. कोणास विजेचा धक्का बसल्यास त्यास स्पर्श न करता आधी प्रवाह तोडावा लागतो. त्या क्षणी स्विच शोधत बसण्याची वेळ येता कामा नये. सोललेली वायर किंवा चिकटपट्टीचा सांधा पन्हळात दडवू नये. ती वायर बदलावी. प्लगची तिसरी, जाड व लांब पिन अर्थिंगची असते. ती काढून टाकून दोन पिनांवर काम भागवू नये. सॉकेट गरम लागत असेल, करपल्याचा वास येत असेल अथवा अर्थिंगबद्दल शंका असेल, तर परवानाधारक विद्युत् कारागिरास बोलवावे. भिंतीतील काम स्वतः करू नये.

महिन्यातून एकदा, प्रवाह बंद करून, वायरी हाताने चाचपून पाहाव्यात. पावसाळ्यात विजा कडाडू लागताच व शाळा सुटताना प्लग काढून ठेवावेत. दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर उंदरांच्या दातांच्या खुणा तपासल्याशिवाय मेन स्विच लावू नये.

या कामात सहावी-सातवीच्या मुलांस सहभागी करून घेता येईल. प्लग काढलेल्या वायरी निवडणे, चिठ्ठ्या लिहिणे, वॅट व अँपिअर यांचा हिशेब मांडणे ही कामे त्यांनी करावीत. प्लग लावण्याचे काम शिक्षकांनी स्वतःकडे ठेवावे. वायरीस हात का लावावयाचा नाही, हे ज्या मुलाने हिशेबाने जाणले, ते मूल घरीही सावध राहते. गावाने विश्वासाने दिलेली वस्तू वर्षानुवर्षे चालावी आणि तिच्यापायी एकाही मुलास इजा होऊ नये, एवढ्यासाठी एक दुपार खर्ची घालणे खचितच योग्य होईल.