काचेच्या बरणीतले समपाद

लाखांदूर भागात धानाच्या बांधीजवळ कुजू लागलेला जुना तणसाचा ढीग उपसावा, किंवा मोरीजवळची ओली वीट उलटावी. करड्या रंगाचे, सेंटीमीटरभर लांबीचे चपटे प्राणी घाईने अंधारात शिरताना दिसण्याचा संभव असतो. सगळे त्यांना किडेच म्हणतात. पण पाय मोजून पाहा. कीटकाला सहा पाय असतात, यांना चौदा. सातही जोड्या साधारण सारख्या, म्हणून नाव आयसोपॉड, म्हणजेच समपाद. काही जातींचे प्राणी डिवचताच अंगाची गोळी करतात. (वेटोळे करणारा 'पैसा' वेगळा. त्याच्या बहुतेक वलयांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात.)

यांचे खरे नातलग म्हणजे चुलबंद आणि वैनगंगेतले झिंगे व खेकडे. या कवचधारी कुळातले बहुतेक प्राणी पाण्यात राहतात. कोकणच्या खडकांवर भरतीच्या रेषेजवळ धावणारा लिजिया हा समपाद निम्मा समुद्राचा, निम्मा जमिनीचा आहे. आपल्या विटेखालचा पूर्ण जमिनीवर आला. तरी पोटाखालच्या ज्या पानासारख्या उपांगांनी तो श्वास घेतो, ती ओलसर राहावी लागतात. शिवाय कीटकांच्या कवचावर मेणाचा थर पाणी अडवतो, तसा परिणामकारक थर याच्याकडे नाही.

त्यात शरीर लहान. लांबी, रुंदी, उंची निम्मी केली तर पृष्ठफळ पाव होते, पण घनफळ एक अष्टमांश. म्हणजे पाण्याच्या साठ्याच्या मानाने बाष्पीभवनाचा पृष्ठभाग दुप्पट! मे महिन्यात पूर्व विदर्भात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा उघड्यावर पडलेला समपाद फार काळ तग धरत नाही.

म्हणूनच त्याला पाळताना सगळी कसोटी पाण्याची असते. रुंद तोंडाची काचेची बरणी आडवी ठेवा. तळाशी दोन-तीन बोटे माती घाला. कीटकनाशक पडलेल्या शेतातली मात्र नको. वर आंब्याची किंवा पळसाची वाळलेली पाने, कुजके लाकूड आणि अंड्याच्या टरफलाचा तुकडा ठेवा. कवचासाठी त्यांना चुना लागतो. झाकणाला मोजकी बारीक भोके पुरेत. काकडीची चकती अधूनमधून द्यावी आणि बुरशी येण्याआधी काढावी. प्राणी मरतात ते बहुधा अति काळजीने: रोज सगळीकडे पाणी शिंपडले की चिखल होतो. बरणीचे एकच टोक ओले ठेवा, दुसरे कोरडे राहू द्या. कुठे बसायचे ते त्यांचे ते ठरवतील. उन्हाळ्यात बरणी सावलीत, माठाखालच्या ओल्या वाळूवर ठेवावी.

'ठरवतील' म्हटले खरे, पण ते ठरवतात का? ब्रिटिश शास्त्रज्ञ डी. एल. गन यांचा यावरील अभ्यास १९३७ साली प्रसिद्ध झाला. कोरड्या हवेत समपाद चालत राहतात, दमट हवेत बहुतेक थांबतात, असे त्यांना आढळले. ओल कोणत्या दिशेला आहे हे कळण्याची गरजच नाही! बाजाराच्या दिवशी रस्त्यावर जिथे गाड्या रेंगाळतात तिथेच त्यांची दाटी होते, तसेच हे.

शाळेत हे पाहता येईल. उथळ डब्याच्या एका अर्ध्या भागात ओले फडके, दुसऱ्या भागात प्रयोगशाळेतले कोरडे कॅल्शियम क्लोराइड ठेवा. वर जाळी ताणा, म्हणजे प्राण्यांचा रसायनाला स्पर्श होणार नाही. जाळीवर दहा समपाद सोडून झाकण लावा आणि काळे कापड टाका. नाहीतर उजेडाचा परिणाम ओलीच्या खात्यावर जमा होईल. दर मिनिटाला कापड क्षणभर उचलून प्रत्येक बाजूचे प्राणी मोजा. दहा मिनिटे पुरे. कोरड्या बाजूला त्यांना अधिक काळ ताटकळत ठेवू नये. नंतर दोन्ही बाजूंना ओले फडके ठेवून पुन्हा मोजा. ही दुसरी मोजणी टाळली, तर पहिलीचा अर्थ लागत नाही.

बरणीत एखादा निम्मा पांढुरका दिसला तर आजारी समजू नका. समपाद कात दोन हप्त्यांत टाकतो, आधी मागचा अर्धा भाग, मग पुढचा, आणि टाकलेली कात बहुधा खाऊनही टाकतो. मादी अंडी पोटाखालच्या पाणीदार पिशवीत वाढवते. पिल्ले बाहेर पडतील तेव्हा भिंग घेऊन पाय मोजा. सुरुवातीला बाराच भरतील. सातवी जोडी नंतर, कात टाकल्यावर येते.